भिंतीला बाक

दिगदग्याच्या रस्त्याला, पेट्रोलपंपाच्या पुढे
एक कंपाउंडची भिंत सरळ चालता चालता
अचानक तीन मीटर आत शिरते
आणि थोडं पुढे जाऊन मुकाट रांगेत येते.
गाडीतून जाणाऱ्यांना वाटत असेल, गवंडी चुकला.

चुकला नाही. ती माझी हरकत आहे.

नकाशा टेबलावर आला तेव्हा त्यात झाडच नव्हतं.
हिरवळ, खजुरांच्या दोन ओळी, मधोमध कारंजं,
कागद कसा पोटभर पाणी प्यायलेला.
मी जागेवर गेले. सकाळचे सात, छत्तीस अंश.
पायासाठी मारलेल्या चुन्याच्या रेषेवर बरोबर
गाफ उभा. खाली तीन बकऱ्या
आणि हेल्मेट तोंडावर घेऊन झोपलेला निसार गुल.

'मॅडम, हे जंगली आहे,' कन्सल्टंटचा इलियास म्हणाला,
'बदल्यात दहा लावतो. फुलणारी.'
मी टेप काढला. छातीच्या उंचीवर घेर
एक मीटर नव्वद.
टेप ओढताना बोटात काटा गेला
आणि ओळख पटली:
अगं, तू तर शमी!
आमच्या गल्लीत दसऱ्याला तुझ्या एका डहाळीवरून
भांडणं व्हायची.

शस्त्रं तुझ्यावर ठेवायची
आणि परक्या राज्यात नोकरी धरायची,
ही रीत जुनीच.
मला इथे अकरा वर्षं झाली.
शस्त्र म्हणाल तर लाल पेन, आणि कलम चौदा-ब.

तीन बैठका झाल्या. खर्चाचे आकडे आले,
मंत्रालयातून कुणाचा तरी फोन आला.
शेवटी खलफान साहेबांनी विचारलं, 'मुळं किती खोल?'
'तीस मीटर. जास्तही असतील.'
ते बिनसाखरेचा चहा बराच वेळ ढवळत राहिले.
मग म्हणाले, 'भिंतीचा पाया दीड मीटर आहे ना?
तिला हलवा.'

दर वेळी असं होत नाही.
गेल्या वर्षी खाडीकाठी आधी सह्या झाल्या,
झाडं मी नंतर पाहिली, ट्रकमध्ये, आडवी.
ती फाइल अजून माझ्याच कपाटात आहे.

इथल्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर माझं नाव नाही,
नुसता विभागाचा शिक्का, तोही जरा तिरका.
निसार गुलची बदली दुसऱ्या साइटवर झाली.
बकऱ्यांना कलम माहीत नाही.
दुपारी एकच्या सुमाराला
त्या भिंतीच्या बाकात येऊन बसतात.