लोकर कानाशी धरून

सकाळी हॉस्पिटलात पट्ट्यावर चालवलं मला,
छातीला दहा तारा, दर तीन मिनिटांनी चढ वाढलेला,
आणि दम लागत असतानाच डोरीनने विचारलं :
एक ते दहामध्ये, सध्या ताण किती?
मी म्हटलं, तीन.
तिने तीन लिहून घेतलं.

आमच्याकडे सळईला असं कुणी विचारत नाही.
ब्रॅडफर्डच्या बंद पडलेल्या गिरणीत, तळमजल्यावर,
दोन्ही टोकं जबड्यात आवळायची आणि ओढत राहायचं.
पडद्यावर रेघ सरळ चढत जाते.
ती वाकायच्या आत सोडलं, तर सळई आपल्या मापात परत येते.
त्यापुढे येत नाही.
आधी कमरेत बारीक होते,
मग बार उडाल्यासारखा आवाज,
आणि केव्हिन चहा न सांडता म्हणतो, गेली.
बावीस वर्षं यावर पोट चाललंय माझं.
ताण म्हणजे बळ भागिले क्षेत्रफळ.
बाकी सगळं, मी म्हणायचे, बोलायची पद्धत.

परतताना स्किप्टनच्या वरच्या अंगाला थांबले.
हार्टलीच्या ट्रेलरचा आकडा तुटला होता,
तो तपासून झाला होता, परत द्यायचा होता.
एका हिसक्यात नव्हता तुटला तो.
तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा होत्या,
एकीत एक,
किती दिवस थकत होता ते सांगणाऱ्या.

कातरणी चालू होती. एक मेंढी बाजूला काढलेली,
कान मागे पडलेले, ओरडतही नव्हती.
गिलियन, त्यांची जनावरांची डॉक्टर, फक्त कान बघत होती.
हिला एकटी ठेवू नका, म्हणाली,
ओळखीचं एक तोंड समोर असू दे.
दुसरी मेंढी आणून उभी केली.
बऱ्याच वेळाने एक कान सरळ झाला. एकच.

हार्टलीने ढिगातून लोकरीचा पुंजका उचलला,
दोन्ही टोकं चिमटीत, कानाशी नेऊन हिसका दिला.
टण्ण.
ही धड, म्हणाला.
दुसरा पुंजका करकरला आणि मधोमध सुटला.
मार्च, म्हणाला तो.
बर्फात हिचं कोकरू गेलं, आठवडाभर तोंड लावलं नाही कशाला.
लोकर वाढायची थांबत नाही,
तेवढ्या जागी बारीक होते, इतकंच.

इचलकरंजीला दादा सायझिंगमध्ये होते.
सूत असंच कानाशी धरायचे.
सोसेल ते ताण्याला, नटेल ते बाण्याला,
असं काहीतरी म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

मी पुंजका मागून घेतला, अंगठ्यांना गुंडाळला.
तेव्हा दिसलं :
दोन्ही नखांवर आडवी खाच,
पन्हाळीसारखी, बरोबर मध्यावर.
नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं.
मला मोजायची सवय आहे, मी मोजलं.

मार्चच.
रात्री तीनला फोन. जयकुमारची सून, नुसती रडत होती.
तिकीट बघितलं. पोहोचेपर्यंत राखही भरून झाली असती.
सकाळी कामावर गेले.
झोप झाली नाही, एवढंच सांगितलं केव्हिनला.
त्या दिवशी चौदा सळया तोडल्या,
चौदा अहवाल लिहिले, एकातही चूक नाही.
मंगळवार होता. डबा न्यायला विसरले होते,
हे मात्र आत्ता आठवलं.

हार्टलीने विचारलं, आकड्याचे किती झाले?
राहू दे, म्हटलं.
त्याने अंडी दिली, अर्धा डझन, जुन्या खोक्यात.

नख वाढतंय. दिवाळीच्या आत खाच टोकाशी येईल,
मग कापून टाकता येईल,
तिन्हीसांज तेवढी टाळायची.
डोरीनच्या कागदावर तीनच आहे.

गाडीत बसल्यावर खिशातला एक पुंजका काढला,
धड की नाही ते ठाऊक नसलेला.
टोकं चिमटीत धरली, कानाशी नेली.
खिडकीबाहेर मेंढ्या, कातरून अर्ध्या झालेल्या,
एकमेकींना हुंगून ओळखत होत्या.

ओढला नाही.