उप्पू

नफीसा मॅडमनी कागदावर दोन रकाने आखले.
नको-चा रकाना पानभर लांब :
केळी, नारळपाणी, टोमॅटो, लोणचं, पापड,
आणि तळाशी, शाई संपत आलेली, शेंगाचटणी.
मी म्हटलं, बाई, मी तीच कुटते,
नवीपेठेतल्या दुकानाला आठवड्याला बारा किलो.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
रकाना तसाच राहिला.

फाइलवर तुम्ही राजेशम चिलवेरी, वय एकसष्ट.
चाळीस वर्षं लूमवर.
ताण्यातला एक धागा तुटला
तरी तो तुम्हाला कानानं कळायचा.
तेव्हा हे मोजणं तुम्हाला जड नाही :
दिवसाला एक लिटर, चहा धरून,
वरणाचं पाणीही त्यातच.
पण मे महिना आहे, आणि हे सोलापूर.
पत्रा तडतडतो,
तुम्ही बर्फाचा खडा गालात धरून बसता
लांबचं काही ऐकत असल्यासारखे.

बटाटा बारीक चिरायचा. कोमट पाण्यात दोन तास.
ते पाणी टाकायचं.
भरपूर पाण्यात उकळायचा. तेही टाकायचं.
मग उरतं ते
बटाट्याच्या आकाराचं काहीतरी.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, घरात पिंपं दोन,
आणि यल्लव्वा जिन्यातून विचारते,
घरात पेशंट आहे का खानावळ?
टाकायचं पाणी गार करून
मी दारातल्या जास्वंदीला घालते.
तुमच्या रक्तात जे साठायला नको
ते तिला मानवतं.
एवढी फुलं तिला कधीच नव्हती.
तुम्ही म्हणता, माझ्या वाटचं सगळं तिला.

त्याच यल्लव्वानं एकदा
कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, कौतुकानं.
मॅडम फोनवर जवळजवळ ओरडल्या,
ते तर साध्याहून घातक, त्यात पोटॅशियम असतं, फेका!
पुडी मी फेकली नाही, परत दिली.
तिचं मन का मोडा.

"मीठ नाही" असं मी मराठीत सांगितलं
की तुम्ही दवाखान्यात हलवता तशी मान हलवता.
"उप्पू लेदु" म्हटलं की भांडता.
आईनं शिकवलेल्या शब्दातलं मीठ
सोडायला जास्त जड जात असावं.

परवा रात्री अडीचला
डब्याचं झाकण वाजलं. मी जागी होते.
उठले नाही.
सकाळी तुमच्या वहीत, पाण्याच्या आकड्यांखाली,
जॉबरच्या रेखीव अक्षरात :
चटणी, एक बोट.
पुढच्या वेळी मॅडम त्या ओळीशी थांबल्या,
लाल पेन उघडलं, बंद केलं,
आणि भिवंडीचा मुलगा कसा आहे ते विचारलं.
क्रिएटिनिन सहा पूर्णांक एक होतं,
सहा पूर्णांक दोन झालं.
डायलिसिस अजून लांब आहे, म्हणाल्या.
किती लांब, ते आम्ही विचारलं नाही.

तुमचं ताट आधी वाढते :
भात, दोनदा उकळलेला दुधी,
वर लिंबू, तेलात तडकलेला कढीपत्ता.
मी मागून खाते. आत, ओट्याशी, उभ्यानं,
चटणी, वर तेलाची धार.
कडक भाकरी मोडली की आवाज होतो,
म्हणून आधी पाण्यात भिजवून घेते.

बाहेरच्या खाटेवरून तुम्ही विचारता,
"उप्पू बरोबर पडलंय का?"