गाठ

वील्यांदीच्या तळ्यावरच्या चढावर
वैकेचं घर उभं राहत होतं तेव्हा
मला बोलावलं ते जिन्यासाठी.
पुस्तकांचं नंतर निघालं.

मी नकाशा टेबलावर पसरला, नेहमी पसरतो तसा,
कानामागची पेन्सिल काढली,
आणि मग लक्षात आलं
कागदाकडे बघणारा मी एकटाच आहे.
तिचा भाऊ एंडेल खिडकीबाहेर बघत होता,
मुद्दामच असावा.
"वाचून दाखवा," वैके म्हणाली.

आता रेघ कशी वाचायची?
म्हटलं, खालून वर दोनशे साडेबासष्ट सेंटिमीटर,
चौदा पायऱ्या, पंधराव्या पावलाला वरची जमीन,
प्रत्येक चढ साडेसतरा.
"तुमचा साडेसतरा मला काय माहीत?"
मग आम्ही अंगणात फळ्या रचल्या.
ती चढली, उतरली, एक पातळ फळी काढायला लावली,
चढली, परत घालायला लावली.
ऑक्टोबरचा वारा, एंडेलच्या हातातली कॉफी गार.
शेवटी ठरलं साडेसतराच,
पण आता तो तिचा होता.

पुस्तकं पुढच्या आठवड्यात आली, अख्खी व्हॅन भरून.
चाळीस वर्षं कपाटं करतोय,
पंचवीसचा खण धरला की बहुतेकांचं भागतं.
ही तेहेतीस उंच, आणि जाडी माझ्या मुठीएवढी.
एक प्रेमकथा, सहा खंड.
लोणची-मुरंब्यांचं एक, तेही तीन.
"कोंबू नका," ती म्हणाली,
"दाबले की ठिपके बसतात.
मग पान असतं, बोलत नाही."

म्हणून मी जिना आणि कपाट वेगळं केलंच नाही.
भिंतीच्या बाजूने पायरीगणिक एक खण वर सरकतो,
चढताना डावा हात कठड्यावर
आणि उजवा पुस्तकांच्या पाठींवरून.
अगदी खाली एक खण मात्र पंचवीसचाच हवा म्हणाली,
डोळस पाहुण्यांसाठी.
"वीज गेली की बिचारे नुसते बसून राहतात."

कठडा ॲशचा. लांब, सरळ, एकच गाठ होती त्यात.
ती मी पटाशीने कोरून काढली,
त्याच झाडाचं बूच बसवलं, रेषेला रेषा जुळवली,
रंधा, कानस, मग चार वेळा घासकागद.
दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना.

वैकेला सापडली.
बोट थांबलं. "इथे काय होतं?"
"खोट होती. काढली."
"आणि वर पोचले हे मला कोण सांगणार?"
मी म्हटलं, मोजायच्या. चौदा तर आहेत.
"मोजत चढले तर गोष्टीत कुठे होते ते विसरते,"
ती म्हणाली, जरा रागानेच.

मी वखारीत परत गेलो.
ज्या ढिगात आयुष्यभर गाठी फेकल्या
त्यातच गुडघ्यावर बसून चांगली गाठ शोधत राहिलो.
बायको म्हणाली, काय हरवलं?
पहिली तिने नाकारली, चामखिळीसारखी लागते म्हणून.
दुसरी तडकलेली.
तिसरी ज्युनिपरची, एका जुन्या कुंपणाच्या खांबातली,
बदामाएवढी, मधे किंचित खोलगट.
ती तिने बराच वेळ अंगठ्याखाली धरली,
मग बोट हुंगलं.
"ही."

चौदाव्या पायरीवर, कठडा संपायच्या वीतभर आधी
ती मी बसवली. घासली नाही.

नगरपालिकेचा माणूस आला तपासायला,
पट्टी लावली, सगळे चढ सारखे, खूश.
कठड्यावरून हात फिरवत वर गेला आणि थबकला.
"मास्टर, हे राहिलंय तुमचं."
मी काही बोललो नाही.
चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं,
आणि खरं सांगू, जरा लागलंच.

तेवढ्यात वैके खालून निघाली,
काखेत तिसरा खंड, ओठ हलताहेत,
न मोजता.
अंगठा गाठीवर आला
आणि तिने पाऊल सपाट टाकलं.
त्या माणसाला बाजूला व्हावं लागलं.