कंबरपट्टा

अकरावी क. प्रात्यक्षिक तिसरे.
टेबलावर बाभळीच्या सालीचे तुकडे,
ओलसर, आतून विटकरी.
फळ्यावर लिहिते:
साल. बाहेर मृत पेशी, आत रसवाहिन्या.
कार्य: संरक्षण. अन्नाचं वहन.
मागच्या बाकावरचा सुयश विचारतो,
"मॅडम, परीक्षेला येतंय का हे?"
येतं. तीन मार्कांना.

मला ते आलं
पंचगंगेकडे उतरणाऱ्या एका बोळातून.
तिथं रावबा नानांचे हौद,
चुन्याचे दोन, सालीचा एक.
म्हशीचं कातडं ते पिशवीसारखं शिवत
घायपाताच्या दोऱ्यानं,
आत कुटलेली साल, भरडलेला हिरडा, पाणी,
आणि टांगत आडव्या वाशाला.
रात्रभर पिशवी पाझरायची
थेंब थेंब, कोऱ्या चहाच्या रंगाची.
खाली साठलेलं परत वर ओतायचं.
तांब्या माझ्या हातात, मी नऊ वर्षांची.
बोटं महिनाभर तांबडी.
शाळेत मी ती दप्तराखाली ठेवायचे.

गुळाच्या गावात आम्ही तुरटाचे.
मार्केट यार्डाकडून वारा आला की सगळी पेठ गोड,
आमच्याकडून आला
की खिडक्या लागत.

नाना बाळहिरडा चावायला द्यायचे.
तोंड आतून आकसायचं, जिभेचं चामडं.
"बघ. कातड्याचं बी असंच हुतंय.
आकसतंय, मग कुजत न्हाई."
टॅनिन हा शब्द मला बारा वर्षांनी भेटला
जाडजूड पुस्तकात,
आपल्याच गल्लीतला माणूस परगावी
दुसऱ्या नावानं राहताना सापडावा तसा.

झाडानं तो तुरटपणा स्वतःसाठी साठवलेला.
साल किड्यांनी खाऊ नये,
बी पक्कं होईस्तोवर फळाला कुणी तोंड लावू नये.
आपण त्याचं औषध उचललं
आणि मेलेल्या म्हशीला लावलं.
ती आता कुणाच्या तरी टाचेखाली
करकरत चालते दसऱ्याच्या बाजारात.
करकर विंचवाच्या बियांची, म्हणते कस्तुरा आत्या,
तळाच्या दोन थरांमध्ये ठेवलेल्या.
जनावराच्या पायाला आकडा घालून
रान ओलांडणारं ते फळ.
त्याला पायाची सवय जुनीच.

एकदा कागलच्या ओढ्याला नानांबरोबर सालीला गेले.
एका अंगाची पट्टी सोलली त्यांनी,
हात-दीड हात, आणि कुऱ्हाड टेकवली.
मी म्हटलं, भोवतीनं काढा की, एवढी हाय.
"कंबरपट्टा काढायचा न्हाई झाडाचा.
गोल सोललं की मरतंय.
लगीच न्हाई. पानं हिरवीगार असत्यात,
आपल्याला वाटतंय, बरं हाय.
खालनं मरत येतंय."

आज मी बाण काढते, वरून खाली.
पानातली साखर मुळांकडे.
वलय काढलं की बाण तुटतो.
पानं भरलेली, मुळं उपाशी.
पुस्तकात आहे हे, पान एकशे बारा.
आकृतीत कुऱ्हाड नाही.

हौद बुजले. तिथं दुचाकींचं गॅरेज.
नानांचा विश्राम चेन्नईचं तयार कातडं आणतो,
आत्या अजून वेण्या घालते पट्ट्यांच्या,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधून.
मी राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर.
दर एक तारखेला पैसे पाठवते.
"पैसं पोचत्यात गं," आत्या फोनवर म्हणते,
आणि पुढचं बोलत नाही.

घंटा झाली. पोरं गेली.
सुयश रेंगाळलेला,
सालीचा तुकडा दाढेखाली धरून,
तोंड वाकडं.
"मॅडम, कसलं तुरट हाय हे!"
मग हात बघतो स्वतःचे.
"ह्यो रंग उद्यापर्यंत जाईल न्हवं?"

माझे हात खडूनं पांढरे.
महिना लागतो, मी म्हणते.