शिल्लक

लिलाव बघायला आम्ही सात जण,
दापोडीत, इनामदारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात.
शटर अर्धं खाली, टीव्ही तांब्याच्या तारेच्या बंडलांवर,
आणि वर्गणी काढून आणलेल्या भज्यांच्या पाच प्लेटा.
सातांत पाच,
कारण हिशेब माझ्याकडे होता.

पहिला तासभर मालकाने हात वर केला नाही.
टाक्या बनवतो तो, पाण्याच्या, भोसरीत.
काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्यात त्याचं नाव, गच्चीगच्चीवर.
आमच्याही.
रफीक म्हणाला, मुरलेला गडी
पहिल्याच चढाईत बोनसला पाय टाकत नाही.
पटलं आम्हाला.
त्या वेळी काहीही पटलं असतं.

मग खुटवडचं नाव आलं.
आमचा खुटवड, भोरचा.
समोरच्या कोपऱ्यात असा शिरायचा
जसं कुणी स्वतःच्या घरात शिरतं, चपला न काढता.
गेल्या हंगामात दोनशे अकरा गुण;
इनामदारच्या सुनेने कॅलेंडरच्या पाठीवर
चढाईगणिक लिहून ठेवलेत, पेन्सिलने.

पन्नास लाख. साठ. ब्याऐंशी.
मालकाकडे कार्ड होतं.
उचललं की खुटवड आपला, त्याच बोलीला,
वर एक रुपया नाही.
कॅमेरा टेबलावर गेला.
कार्ड पाण्याच्या बाटलीखाली.
बाटलीला घाम सुटलेला, कार्डाचा कोपरा भिजत चाललेला.
त्याने बाटली उचलली,
घोटभर पाणी प्यायला,
आणि परत तिथेच ठेवली.

इनामदारच्या हातून रिमोट वार्निशच्या डब्यात पडला.
मुद्दाम नाही.
किंवा मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी पेपरात मालक हसत होता:
संघ समतोल बांधलाय,
शिवाय एक कोटी दहा लाख शिल्लक.

शिल्लक!
म्हणजे पोळी कच्ची राहिली, पण गॅस वाचला.
तिसऱ्या चढाईला शिल्लक पाठवणार का, दम धरून?
तिचा घोटा कुणी धरला
तर सरपटत मध्यरेषेला हात लावेल ती?
रफीकने जाहीर केलं, यंदा बालेवाडीत पाऊल नाही.
इनामदार गच्चीवर चढला
आणि टाकीवरचं नाव काळ्या रंगाने बुजवलं.
पाणी तिच्यातूनच आलं, सकाळी,
रोजच्यासारखं.

मी फार बोललो नाही.
रात्री झोप येईना, तेव्हा माळ्यावरची वही आठवली.
अठ्ठ्याऐंशी साल, मंडळाचा खजिनदार मी.
मातीचं मैदान, पलीकडे रेल्वेचे रूळ.
सोपान गायखे, सुजला गुडघा दोन्ही हातांत धरून:
भाऊ, नीकॅपला चाळीस रुपये द्या.
मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू.
पुढच्या महिन्यात तो खडकीकडून खेळला, आमच्याविरुद्ध,
दोन्ही गुडघ्यांना नवं कोरं निळं,
आणि लोण देऊन गेला.
त्या वर्षीची अखेरची शिल्लक
एकशे बारा रुपये पन्नास पैसे.
खाली लाल शाईची रेघ, पट्टी लावून मारलेली.

तरी मालकाला माफी नाही.
चाळीस रुपये वेगळे, एक कोटी दहा लाख वेगळे.
वहीचं मात्र मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला सामना, बालेवाडी.
सात तिकिटं, सगळ्यात वरची रांग.
रफीकसुद्धा. म्हणाला, पार्किंगपर्यंत आलोच होतो.
खुटवड उतरला, परक्या केशरी रंगात.
हुर्यो करायची असं ठरलं होतं.
झाली नाही कुणाच्याने.

मग आमची तिसरी चढाई,
आणि आत आला वेल्ह्याचा एक पोरगा.
जर्सी एक माप मोठी, घडीच्या रेघा अजून तशाच.
आठ लाखवाला, मागून कुणीतरी म्हणालं.
त्याने माती नसलेल्या मॅटला हात लावून कपाळाला नेला,
रेषा ओलांडली,
आणि माझ्या लक्षात आलं
की श्वास मीही धरलाय,
खुर्चीचा दांडा धरून,
पुढे वाकून मी त्याचा गुडघा बघतोय.

काही नव्हतं गुडघ्यावर.
नुसता गुडघा.