ऐकण्याचे तास

एका फॉर्मचे मला बासष्ट रुपये मिळतात,
तो पुरा भरला आणि टॅबने हिरवी टिक दाखवली तर.
फॉर्मचं नाव लांबलचक:
सर्जनशील उद्योगांचे राज्याच्या उत्पन्नातील योगदान,
भाग ब, लहान आस्थापना.

रावपुऱ्यात, पोस्टामागच्या गल्लीत
रमणीकभाई कंसारा पेट्या दुरुस्त करतात.
दुकान एवढंसं की बसायला मला
एका उघड्या पेटीचं झाकण मिळालं.
‘बसा ने,’ म्हणाले, ‘मोडायचं ते आधीच मोडलंय.’

भादव्याचं ऊन. नवरात्र अठरा दिवसांवर.
भिंतीशी सात पेट्या, पोटं उघडी,
प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी:
मांजलपूर, मंडळ. वाडी, भजनवाले काका.
एकीवर नुसतंच ‘घाई नाही’.

पहिला प्रश्न, व्यवसायाचा संकेतांक.
यादीत गायन होतं, वाद्यनिर्मिती होती,
दुरुस्ती म्हटल्यावर बोट घसरत जाऊन थांबलं
‘घरगुती वस्तूंची इतर दुरुस्ती’वर.
म्हणजे शेजारच्या इसुफमियाँचाच आकडा:
कुकर, शेगडी, मिक्सर.
मला ओशाळल्यासारखं झालं.
रमणीकभाई भिंतीकडे तोंड करून ओरडले,
‘इसुफ! सरकारने आपल्याला भाऊ केलं!’
पलीकडून उत्तर आलं, कुकरच्या शिट्टीचं.
‘काळी तीन,’ हे म्हणाले, ‘पण जरा उतरलेली.’

कच्चा माल विचारला तशी वही निघाली,
तेलकट, पाठीला कातड्याचा तुकडा चिकटवलेली.
पालिताण्याचे सूर, सरस, भात्याची कातडी,
स्क्रूसुद्धा नगाने.
ज्या वर्षी नवमीला पाऊस आला
त्या वर्षी मंडळांनी बुडवलेले पैसे लाल शाईत.
ज्या वर्षी मोठ्या मैदानांनी कीबोर्ड आणले
त्यानंतरची पानं लवकर संपतात.
‘तुम्ही माझ्यापेक्षा बरं मोजता,’ मी म्हटलं.
‘मोजतोच. फक्त कमी लिहू नका.
कला म्हटलं की लोक उधारीच्या तयारीने येतात.’

मूल्यवर्धनाचा रकाना मी नेहमी घाईत भरतो.
विक्री वजा खर्च, पुढे चला.
त्यांनी एक सूर उपसला, नखाएवढी पितळी जीभ,
कानस टोकाशी तीनदा फिरवली.
‘टोकाला घासलं की चढतो. बुडाला घासलं की उतरतो.’
मांडीवरच्या फडक्यावर पिवळी धूळ पडली,
चिमटीत यायची नाही इतकी.
‘आता सांगा. माल कमी झाला, किंमत वाढली.
हे कुठे लिहिता?’
मी वर-खाली सरकवून पाहिलं. कुठेच नाही.

कामाचे तास?
‘हातांचे का कानांचे?’

मी तोरणे मॅडमना फोन लावला.
त्या म्हणाल्या, ऐकणं हे उत्पादन नाही,
ऐकणारा ग्राहक, त्याचा फॉर्म वेगळा,
आणि आज किती झाले तुमचे?

रमणीकभाईंनी बोट ओठांवर ठेवलं.
कोमल धैवत. एक खरा, एक घासलेला,
भाता अगदी हलक्या हाताने.
दोघांच्या मधे एक लाट हेलकावत होती,
आधी घाईत, मग सावकाश,
मग इतकी सावकाश
की ती आहे की गेली
हे आम्ही दोघं पेटीवर वाकून बघत होतो.
गल्लीतून छकडा गेला. थांबलो.
परत भाता. परत कानस, एकदाच.
शेजारची ठोकाठोकही कधीतरी बंद पडली होती.
आणि मग लाट नव्हती.

वीस मिनिटांची मुभा असते एका फॉर्मला.
सूरसागरच्या कठड्यावर बसून पाठवायला गेलो
तर रकाना लाल:
एक तास चार मिनिटे. विलंबाचे कारण द्या.
कारण देण्याआधी मागे गेलो.
रोजचे तास सात लिहिले होते, ते नऊ केले.
मग कारणात लिहिलं, नेटवर्क नव्हतं.
हिरवी टिक आली.