तळ

बत्तीस वर्षांत एकशे एकोणीस.
वहीत नाहीत, बोटांत आहेत,
पंचगंगेच्या डोहातून मी काढलेली माणसं.
कुणी जिवाला कंटाळलेलं, कुणी पैजेवर उतरलेलं,
कुणी नुसतंच म्हैस धुताना घसरलेलं.
घाटावरून हवालदार ओरडायचे, "भोई, गावलं का?"
मी वर यायचो, नाक शिंकरायचो,
पुन्हा खाली.

पाण्याचा स्वभाव मला ठाऊक.
पहिल्या दिवशी तळाशी नेतं,
दुसऱ्या दिवशी गप्प बसतं,
तिसऱ्या दिवशी आणून देतं,
राजाराम बंधाऱ्यापाशी, नाहीतर खाली कुठं तरी उसाच्या कडेला.
उशीर करील, पण ठेवून घेत नाही.
हे मी किती बायांना सांगितलंय
पायरीवर शेजारी बसून.

अवधूतला पाण्याचा वीट होता.
"आबा, तुमच्या अंगाला नदीचा वास येतोय."
दर पुराला माळ्यावर चढून बसलेलं पोर,
त्याला कोरडं बघायचं होतं.
तौफिक मुजावरच्या मोबाईलवर एकदा दाखवलं त्यानं,
वाळू, वर आभाळ, मधे काही नाही.
"काय बघायचं त्यात?"
"त्येच की," म्हणाला.

जैसलमेरच्याही पुढं. एका गावातनं दुसऱ्या गावाला,
दोन दिवस पायी, दोघंच.
शेवटच्या फोटोत डोक्याला टॉवेल गुंडाळलेत,
तौफिकचे डोळे मिटलेत,
खाली लिहिलंय: रेंज जाईल. सोमवारी फोन करतो.

मंगळवारी हौसानं मोबाईल देवापुढं ठेवला,
चार्जरसकट.

मी गेलो. पिशवीत गळ आणि दोर घालून गेलो.
मिरज सुटल्यावर कळलं, काय घेतलंय ते.

तिथं पावलं वाचणारा एक म्हातारा भेटला.
त्याला माझी बोली येईना, मला त्याची.
धंदा मात्र एकच.
त्यानं काठीनं दाखवलं:
इथं दोघं जोडीनं चालले,
इथं एकाचा पाय दुखायला लागला,
इथं दुसऱ्यानं त्याचं ओझं घेतलं, टाच खोल गेलीय बघ.
मग तळहात हवेत आडवा फिरवला,
पाटी पुसावी तसा.
वारा.

एक बाटली मिळाली. अर्धी भरलेली, झाकण घट्ट.
आत पाणी होतं.
एवढं एक मला अजून उलगडत नाही.
कोण कुणासाठी ठेवत होतं?

मी तीन बोटं वर करून त्याला विचारलं,
किती दिवसांनी वर येतं?
त्याला कळायला वेळ लागला.
कळल्यावर त्यानं माझी बोटं
एकेक करून मिटवली.

कचेरीत लिहिलं, बेपत्ता.
म्हटलं, साहेब, पत्ता आहे की.
शुक्रवार पेठ, तालमीमागं, निळं दार,
दारावर दोन हजार एकोणीसच्या पुराची रेघ.
पत्त्याला काय झालंय?
साहेब म्हणाले, सात वर्षं थांबा.
तिसरा दिवस इतका लांब असतो,
मला ठाऊक नव्हतं.

हौसा आता रात्री नळ टपकला तरी उठते.
शेजारणीनं अंगणात पाणी मारलं
तर भांडते. कुणी उलट बोलत नाही.
तौफिकची आई शुक्रवारी येते,
दोघी गहू निवडतात,
खडा निघाला की बाजूला ठेवतात, टाकत नाहीत.

परवा शिवाजी पुलाखाली एक पोरगा गेला.
हवालदार नवीन, त्याला माझं माहीत नव्हतं.
पायरीवर बाई बसलेली, केस मोकळे,
माझ्याकडं बघत होती, मी काही सांगीन म्हणून.
मी काहीच सांगितलं नाही. उतरलो.

पोरगा दुसऱ्या बुडीतच हाताला लागला.
दोर बांधला, हिसका दिला, त्यांनी ओढून घेतला.
मी मागं राहिलो.
गाळात हात घातला कोपरापर्यंत.
गाळाखाली वाळू असते.
इतकी वर्षं लागत आली हाताला,
कधी मूठ भरून धरली नव्हती.

वर कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजत होतं,
मला ऐकू येत होतं.